लेकरू आत, मायबाप दाराबाहेर

शहागडला गोदावरी म्हणजे जिल्ह्याची हद्द. पुलाच्या अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई. दसरा-दिवाळी उरकली की धुळे-सोलापूर महामार्गावरून ऊसतोड मजुरांच्या गाड्या हा पूल ओलांडू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणे, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. त्या वहीत लेकराला रकाना नसतो. कायद्याच्या वहीत मात्र असतो. या ट्रॉलीतले एखादे मूल पुलाच्या अलीकडे एकटे सापडले, तर त्याची फाइल जालन्याच्या बाल कल्याण समितीपुढे उघडते. पुलापलीकडे सापडले, तर बीडच्या. कायदा दोन्हीकडे एकच आणि आईबापांचा प्रश्नही एकच : आमचे लेकरू आम्हाला कधी देणार, आणि हे आम्ही विचारायचे कुणाला?

मुलाच्या हितासाठी सरकारने घरात डोकावणे योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे आणि बऱ्याच अंशी संपलेला आहे. मारहाण, लैंगिक अत्याचार, बालविवाह, वेठबिगारी हे सगळे घराच्या आडोशानेच चालते. तिथे डोकवावेच लागते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. चौकशी सुरू झाली की त्या चौकशीत आईबापांची जागा कोणती? आरोपीची, साक्षीदाराची, पक्षकाराची, की मूल परत करण्यासाठी लागणाऱ्या नुसत्या पत्त्याची? आपल्या कायद्याने आईबापांचे हक्क नाकारलेले नाहीत, पण ते एका जागी सांगितलेलेही नाहीत. वेगवेगळ्या कायद्यांच्या कलमांत ते विखुरले आहेत, आणि ज्याला ते गोळा करता येत नाहीत त्याच्यापुरते ते नसल्यासारखेच आहेत.

माय-बाप सरकार

‘माय-बाप सरकार’ हा शब्द आपण विनवणीच्या सुरात वापरतो. मुलांच्या कायद्याची सुरुवात मात्र त्याच्या शब्दशः अर्थाने झाली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ साली आला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. रस्त्यावरचे मूल म्हणजे बिघडण्याच्या वाटेवरचे मूल, तेव्हा सरकारने आईबापाच्या जागी उभे राहून त्याला वळण लावावे, अशी त्या काळाची समजूत होती. खऱ्या आईबापांना त्यात फारसे विचारायचे कारण नव्हते. मूल रस्त्यावर आले हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा.

ही दृष्टी बदलायला वेळ लागला. तुरुंगात अडकलेल्या मुलांसाठी पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्या कराराचे नववे कलम दोन गोष्टी सांगते : मुलाला आईबापांपासून तोडायचे झाले तर तो निर्णय न्यायालयाला तपासता आला पाहिजे, आणि त्या कामकाजात संबंधित सर्वांना आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. पुढे २००० चा कायदा आला आणि मग आज लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. महाराष्ट्राचे नियम २०१८ चे. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली.

या कायद्याचे तिसरे कलम वाचले तर आईबापांना धीर यावा. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय. लवकरात लवकर कुटुंबात परतणे हा मुलाचा हक्क. आणि प्रत्येक निर्णयात नैसर्गिक न्याय, म्हणजे निःपक्षपाती सुनावणी आणि फेरविचाराची सोय. चाळिसावे कलम तर मुलाला कुटुंबात परत पोहोचवणे हेच बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट ठरवते. मात्र ही सारी तत्त्वे आहेत. तत्त्वे पहिल्या पानांवर असतात, आणि तारखेला आलेल्या माणसाचा संबंध येतो तो कार्यपद्धतीशी.

पहिले चोवीस तास

कायद्याच्या भाषेत अशा मुलाला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ म्हणतात. व्याख्या लांबलचक आहे. बेघर आणि उपजीविकेचे उघड साधन नसलेले, कामाला जुंपलेले, भीक मागणारे, हरवलेले, ज्याच्यासोबत राहते त्याच्याकडूनच छळ झालेले, ज्याचे पालक सांभाळायला असमर्थ ठरले आहेत असे, लग्नाचे वय होण्याआधी लग्न लागण्याचा धोका असलेले. या यादीचा पहिलाच निकष ऊसतोडीच्या फडाला लावून पाहा. पाचटाच्या कोपीत राहणारे, दिवसभर फडाच्या कडेला धाकट्या भावाला सांभाळत बसलेले मूल पहिल्या नजरेला बेघर दिसते. त्याचे घर शंभर-दोनशे कोसांवर कुलूप लावून ठेवलेले आहे, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते.

असे मूल पोलीस, सरकारी कर्मचारी, सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर, परिचारिका, किंवा कोणीही जागरूक नागरिक समितीपुढे हजर करू शकतो. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती महिला व बाल विकास विभागामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला हवी. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समितीची बैठक नसेल त्या दिवशी मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येते, मात्र अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर हवेत. हे आईबापांनी लक्षात ठेवावे. एका सदस्याने दिलेला आदेश तात्पुरता असतो.

या पहिल्या टप्प्यावर आईबापांच्या हाती काय असते? पहिली गोष्ट, मूल कुणी नेले, कोणत्या समितीपुढे नेले आणि कोणत्या बालगृहात ठेवले हे विचारणे. दुसरी, ओळख पटवणारी कागदपत्रे दाखवणे. वयाचा वाद निघाला तर कायदा आधी शाळेचा दाखला पाहतो, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय चाचणी. तिसरी गोष्ट पोलीस ठाण्याची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर कोणत्याही स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे बोलावता येत नाही. शहागड गोंदी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. गावातल्या आईकडे फक्त माहिती विचारायची असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी यायचे आहे.

पंधरा दिवस, चार महिने

समितीपुढे मूल आले की सामाजिक तपासणी सुरू होते. गावात तिला ‘गृहचौकशी’ म्हणतात. सामाजिक कार्यकर्ता किंवा बाल संरक्षण कक्षाचा माणूस घरी येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, शाळेत, अंगणवाडीत विचारतो आणि ठरावीक नमुन्यात अहवाल लिहितो. त्यासाठी कायद्याने पंधरा दिवस दिले आहेत, आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा.

सगळी चौकशी या अहवालावर फिरते. कुटुंबाचे उत्पन्न, घरातले संबंध, व्यसन, मुलाची शाळेतली हजेरी, शेजाऱ्यांचे मत असे सारे त्यात येते. घराला कुलूप असेल तर ‘पालक आढळले नाहीत’ असा शेरा येतो. टोळी कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असताना गावातल्या घरी गृहचौकशी झाली, तर असा शेरा यायला कोणाचा दुष्टपणा लागत नाही. कायद्याच्या कलम ९५ नुसार मुलाचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असल्याचे दिसले तर प्रकरण तिथल्या समितीकडे वर्ग करता येते. फडावर सापडलेल्या मुलाच्या बापाने पहिल्याच दिवशी लेखी मागावी अशी ही गोष्ट आहे.

आता सर्वांत कळीचा मुद्दा : हा अहवाल आईबापांना वाचायला मिळतो का? कलम ९९ म्हणते, मुलासंबंधीचे सर्व अहवाल गोपनीय. पुढे मुभा अशी, की समितीला योग्य वाटल्यास अहवालाचा सारांश ती मुलाला किंवा पालकांना कळवू शकते आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते. ‘वाटल्यास’ या एका शब्दावर आईबापांची बाजू उभी आहे. गोपनीयतेला कारण आहे. शेजारणीने सांगितलेली माहिती उघड झाली तर उद्या कोणी तोंड उघडणार नाही, आणि मुलाने स्वतःबद्दल सांगितलेले काही आईबापांपर्यंत पोहोचणे धोक्याचेही असू शकते. पण आपल्याविषयी काय लिहिले आहे हे कळल्याशिवाय ते खोडायचे कसे? म्हणून सारांश मागणारा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. समितीने नकार दिला तर तो नकारही कागदावर राहतो आणि पुढे अपिलात उपयोगी पडतो.

वकिलाचेही असेच. समितीपुढे पालकाला वकील दिलाच पाहिजे असे कलम बाल न्याय कायद्यात नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत देते. याचा व्यवहारातला अर्थ फार कमी लोकांना ठाऊक आहे. बापाला कदाचित उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला हेलपाटे घालावे लागतील, आईला नाही. अर्ज आईच्या नावाने करावा. अंबडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

चौकशीअंती समिती काय करू शकते, याची यादी कलम ३७ मध्ये आहे. मूल आईबापांकडे परत देणे, देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय, बालगृहात ठेवणे, योग्य व्यक्तीकडे सोपवणे, प्रतिपालकत्व, म्हणजे दुसऱ्या कुटुंबात ठेवणे, आणि प्रायोजकत्व, म्हणजे घरातच राहू देऊन आर्थिक मदत. क्रम पाहिला तर घरी परत देणे वर आहे. परत देताना आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतात. आपल्याकडे त्यावर अंगठा उठवण्याची घाई होते, कारण लेकरू समोर उभे असते. वाचून, समजून मगच सही करावी. त्यातल्या अटी मोडल्या तर पुढच्या वेळी तोच कागद आपल्याविरुद्ध बोलतो.

आदेश पटला नाही तर

समितीच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत जिल्ह्याच्या बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात, अपील करता येते. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व यांबाबतचे अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. समितीच्या कारभाराविरुद्ध तक्रार असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर तीही जिल्हाधिकाऱ्यांनी ऐकायची आहे. सत्र न्यायालयानंतर दुसरे अपील नाही, पण कलम १०२ प्रमाणे उच्च न्यायालय फेरतपासणी करू शकते. आणि मूल बेकायदा डांबले आहे असा दावा असेल, तर संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात, आपल्या भागासाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, हेबियस कॉर्पस अर्ज करता येतो. पुण्याच्या २०२४ मधल्या पोर्शे अपघात प्रकरणात आरोपी अल्पवयीन मुलाच्या आत्याने याच मार्गाने दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून रोजी त्याला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश दिला. ते प्रकरण काळजी-संरक्षणाचे नव्हते, विधिसंघर्षग्रस्त मुलाचे होते; पण त्यातून एक गोष्ट दिसली. ज्या घराला पहिल्या दिवसापासून वकील मिळतो, त्याच्यासाठी हा रस्ता खुला असतो. ऊसतोड टोळीतल्या बापाला तीस दिवसांची मुदत कळेपर्यंत ती सरलेली असते, आणि फडावरून उठायचे तर मुकादमाची उचल फेडल्याशिवाय उठता येत नाही.

मूल सोडून देण्याचा कागद हा आणखी नाजूक विषय. परिस्थितीने हतबल झालेल्या आईबापांना किंवा एकट्या आईला कलम ३५ खाली मूल समितीकडे सोपवता येते. असा कागद झाल्यावर विचार बदलण्यासाठी दोन महिने मिळतात. बाळंतीण झाल्यावर आठवडाभरात सही केलेल्या मुलीला या दोन महिन्यांची कल्पना कुणी देते की नाही, यावर एका बाळाचे सगळे आयुष्य अवलंबून असते.

बालविवाह, अत्याचार, मजुरी

मराठवाड्यात बाल कल्याण समितीच्या दारात आईबाप सर्वाधिक ज्या कारणांनी उभे राहतात, त्यांत बालविवाह ठळक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. पुलापलीकडच्या बीडमध्ये ते ४३.७ टक्के, परभणीत ४८ टक्के. जालनाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर. कारणे सगळ्यांना माहीत आहेत. सहा महिने फडावर जायचे, वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि लग्न झाले की तिचाही कोयता होतो.

२००६ च्या कायद्याने लग्न लावणाऱ्या किंवा ते होऊ देणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. स्त्रीला मात्र कारावास देता येत नाही. विवाह झाला असेल तर पालकाने निष्काळजीपणे तो रोखला नाही, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणजे इथे सिद्ध करण्याचे ओझे आईबापांवर आहे. तरीही त्यांना हक्क आहेतच. न्यायदंडाधिकाऱ्याने लग्नाला मनाई करण्याआधी नोटीस देऊन म्हणणे ऐकायचे असते. तातडी असेल तर नोटिशीविना अंतरिम मनाई देता येते, आणि हळदीच्या दिवशी ती तातडी असतेच. गावात ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुलगी अठराची पूर्ण आहे असे आईबापांचे म्हणणे असेल, तर मांडवात हुज्जत घालण्यापेक्षा शाळेचा दाखला दाखवणे हाच बचाव.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात चित्र वेगळे आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा आईबापांना मुलाचे आधार मानून चालतो. मुलाचा जबाब आईबापांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समोर घ्यायचा, वैद्यकीय तपासणीही तशीच. कलम ४० तर कुटुंबाला स्वतःच्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देते आणि ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणावर ती जबाबदारी टाकते. पण संशय घरातल्याच माणसावर असेल, तर मुलाला चोवीस तासांत समितीपुढे आणायचे आणि त्याला घरातून हलवायचे की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे. तेव्हाही पॉक्सोचे २०२० चे नियम समितीला निर्दोष पालकाची क्षमता आणि मुलाचे त्याच्याशी असलेले नाते तपासायला सांगतात. बाप आरोपी असला म्हणून आई आपोआप अपात्र ठरत नाही.

इथेच एक पेच आहे. फौजदारी गुन्ह्यात आरोपीला गप्प राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम २०(३) ने दिला आहे. समितीपुढची चौकशी फौजदारी नसते; तिथे आईबाप गप्प राहिले तर ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा पडू शकतो. एकाच घटनेची एकाच आठवड्यात दोन ठिकाणी चौकशी चालू असेल, तर काय बोलावे आणि काय नाही हे वकिलाशिवाय ठरवणे अवघड. म्हणून समितीपुढचा वकील ही चैन नाही, गरज आहे.

बालमजुरीत कायदा आईबापांशी तुलनेने मवाळ आहे. तो मालकाकडे बोट दाखवतो आणि पालकांनी एकदा दोषी ठरल्यावर पुन्हा तेच केले तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवतो. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीची कातकरी मुले अहमदनगरकडच्या मेंढपाळांकडे वेठीला असल्याचे उघड झाले, त्यात एका लहान मुलीचा मृत्यू झाला होता. थोड्या पैशांवर, एखाद्या मेंढीवर मुले दिली गेली होती. तिथे आईबापांना गुन्हेगार म्हणायचे की तेही वेठबिगारीचे बळी? उत्तर सोपे नाही, आणि मोसमाच्या आधी घेतलेली उचल पाहिलेल्या शहागडकराला ते सोपे वाटणारही नाही.

मनमाडचे बारा दिवस

आईबापांना न विचारता चौकशी पुढे गेली की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवण्यात आले. सोबतच्या माणसांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, त्यांना काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. मुले जळगाव-नाशिकच्या संस्थांत बारा दिवस राहिली. ती सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती, पाठवणारे आम्हीच, असे आईबापांचे म्हणणे होते. २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी हे गुन्हे गैरसमजातून दाखल झाल्याचे सांगून बंद केले.

संशय घेणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्या मार्गांवरून मुलांची तस्करी खरोखर होते आणि दहापैकी एकदा जरी संशय खरा निघाला, तरी गाडी थांबवणे योग्यच. चुकले ते पुढच्या पायरीवर. बिहारच्या अररिया जिल्ह्यातल्या आईबापांना विचारायला, तिथल्या समितीकडून खातरजमा करून घ्यायला बारा दिवस लागू नयेत. हातात फोन असलेल्या काळात तर नाहीच.

दुसरे उदाहरण आकड्यांचे. करोनाची साथ सुरू झाली तेव्हा देशातल्या बालसंस्थांत २,२७,५१८ मुले होती. २०२० च्या डिसेंबरपर्यंत त्यांतली १,४५,७८८ घरी पाठवली गेली, असे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने घरी गेलेल्या प्रत्येक मुलाच्या शिक्षणासाठी महिना दोन हजार रुपये देण्यास सांगितले. घाईने पाठवणी केल्याबद्दल टीका झाली आणि ती रास्तच होती. पण त्या आकड्यातून एक प्रश्न उरतोच : इतक्या मुलांना परत जायला घर होते, तर ती संस्थेत का होती? बहुतेकदा उत्तर अत्याचार नसते, गरिबी असते. मुलाला तोडण्यासाठी केवळ आर्थिक गरिबी हे कारण कधीही असू नये, असे संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याकडे त्यासाठी योजनाही आहेत. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना महिना २,२५० रुपये देते, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधले प्रायोजकत्व ४,००० रुपये. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातली हंगामी वसतिगृहे आहेत. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला ‘आम्हाला यातले काय मिळेल?’ असे विचारणे हाही आईबापांचा हक्कच.

नॉर्वे, बर्लिन आणि इतर

मराठी वाचकाला हा विषय अनेकदा परदेशच्या बातम्यांतून भेटतो. २०११ मध्ये नॉर्वेच्या स्टावांगर शहरात एका बंगाली जोडप्याची दोन मुले बालसंरक्षण खात्याने नेली; हाताने भरवणे, मुलांना आपल्या अंथरुणात झोपवणे यांवरून नेली, असे आईबापांचे म्हणणे होते, तर खात्याने गोपनीयतेवर बोट ठेवले. २०१२ मध्ये मुले काकाकडे भारतात आली आणि २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती आईकडे दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमध्ये मुंबईकडच्या एका जोडप्याची सात महिन्यांची मुलगी दुखापतीच्या तपासणीनंतर सरकारी ताब्यात गेली. आईबापांवरचा फौजदारी तपास २०२२ मध्ये बंद झाला. तरी जून २०२३ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने मुलगी त्यांना देण्यास नकार दिला. (मुलांची नावे जगजाहीर झाली तरी इथे लिहिलेली नाहीत. आपल्या कायद्याचे कलम ७४ तेच सांगते.) फौजदारी चौकशीतून सुटणे म्हणजे बालकल्याण चौकशीतून सुटणे नव्हे, हे बर्लिनने दाखवले.

तिकडे आईबापांच्या हक्कांवर गाजलेले निकालही आहेत. मुलाचे आईबापांशी नाते कायमचे तोडायला साधा पुरावा पुरत नाही, ठोस व खात्रीचा हवा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले. २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नॉर्वेला एका आईच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केल्याबद्दल दोषी धरले. इंग्लंडमध्ये मूल काढून घेण्याच्या खटल्यात आईबापांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. टेक्सस राज्याने २०२३ मध्ये चौकशी अधिकाऱ्याने पहिल्याच भेटीत आईबापांना त्यांचे हक्क सांगायचे, असा कायदा केला. शिकागोच्या किंवा लंडनच्या मराठी घरात शाळेतून फोन आला, तर ‘आमच्याकडे असेच वाढवतात’ हे उत्तर कामाचे नसते. पहिला फोन वकिलाला हवा.

एक पान

या सगळ्यातून आपल्यासाठी काय घ्यायचे? नवा कायदा मागण्याची गरज फारशी नाही. कलम ९९ मधला ‘वाटल्यास’ बदलून ‘कारणे नोंदवून नाकारल्याखेरीज’ असे झाले तर बरे. समितीपुढे पालकाला वकील मिळण्याची स्पष्ट तरतूद हवी. पण सर्वांत स्वस्त सुधारणा आहे एका पानाची. मूल ताब्यात घेणाऱ्याने त्याच वेळी आईबापांच्या हाती मराठीत छापलेले एक पान द्यावे. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावे.

त्या पानावर एवढेच असावे : मूल कुठे आहे आणि कोणत्या समितीपुढे कधी हजर होणार. मुलाचे दाखले घेऊन या. गृहचौकशी पंधरा दिवसांत होईल, तेव्हा घरी राहता येत नसेल तर कुठे भेटाल ते लिहून द्या. अहवालाचा सारांश मागता येतो. आईला वकील मोफत मिळतो, फोन १५१००. सही करण्याआधी वाचून घ्या. आदेश पटला नाही तर तीस दिवस आहेत.

ज्या घरात खरेच मुलाचा छळ होतो, तिथे या पानाने छळ करणारा सुटणार नाही. उलट त्याला ऐकून घेऊन दिलेला आदेश अपिलात पक्का टिकेल. आणि जिथे चूक झाली आहे, तिथे मूल चार महिन्यांऐवजी चार दिवसांत घरी जाईल. बालगृहात काढलेला दिवस आईबापांच्या हक्कातून वजा होतो, तसा तो लेकराच्या बालपणातूनही वजा होतो.

येत्या मोसमात गाड्या पुन्हा शहागडच्या पुलावरून जातील. ट्रॉलीत भांडी असतील, अंथरुणे असतील. शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला मात्र गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावलेल्या घरात राहतील. यंदा गाडी भरताना ते दोन कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सोबत घ्यावेत.